मशीनला चिकटवलेलं खोटं तोंड

मी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली एटीएम मशीनं सांभाळतो. पैसे भरण्याचं काम माझं नाही. ते करणारे गाडीतून येतात, त्यांच्याबरोबर बंदूकवाला असतो. माझ्याबरोबर स्क्रू-ड्रायव्हर, पकड आणि बॅटरी घातलेली एक पिशवी असते. नोट अडकली, पावतीचा कागद गुंडाळला गेला, उंदरानं वायर कुरतडली, की ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन येतो आणि मी भिसेगावातून मोटारसायकल काढतो.

मशीनपाशी पोचलो की बिघाड बघण्याआधी एक काम करायचं असतं. कार्ड घालतात ते तोंड चिमटीत धरून जोरात हलवून बघायचं. मग आकड्यांच्या बटणांवरून नख फिरवायचं, आणि वर मान करून एखादी नवी पट्टी किंवा बारीक भोक दिसतंय का ते बघायचं. कारण हल्लीचे चोर मशीन फोडत बसत नाहीत. ते खऱ्या तोंडावर हुबेहूब तसंच दिसणारं खोटं तोंड चिकटवतात. तुम्ही कार्ड घालता, पैसे बरोबर येतात, पावती येते, तुम्ही घरी जाता. तेवढ्यात त्या खोट्या तोंडानं कार्डाच्या काळ्या पट्टीची नक्कल उतरवून घेतलेली असते आणि वर लपवलेल्या कॅमेऱ्यानं तुमचा पिन टिपलेला असतो. मग चार दिवसांनी दुसऱ्याच गावात कुणीतरी नकली कार्ड घालून तुमचे पैसे काढतो. याला स्किमिंग म्हणतात. नोकरीला लागलो तेव्हा हे शिकवलं होतं, पण मला ते मोठ्या शहरांतलं प्रकरण वाटायचं. ते माझ्या बहिणीच्या सासरी शिरेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

ताई माझ्यापेक्षा मोठी. खालापूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात तिला दिली. घर शेतकऱ्याचं, पण सासरे खोपोलीकडच्या एका कंपनीत होते आणि भावोजीही तिथंच लागले. थोरले दीर शेजारीच राहायचे. एकच ओटी, पण चूल वेगळी. सासू ताईकडं.

या सासूबद्दल सांगायला हवं. बुटकी, काटक बाई. भात कापून झालं की त्याच ओल्या शेतात वाल टाकायची आणि थंडीभर त्या वालांच्या मागं असायची. मी कधी गेलो की रिकाम्या हातानं पाठवायची नाही. मी तिला मावशी म्हणायचो. ताईला ती 'बाय' म्हणायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ताईला कावीळ झाली, तेव्हा आमची आई तिला आणायला गेली होती. मावशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "इनबाय, तुमी र्‍हावा हवं तर इथं. पोरीला या उन्हात नका नेऊ." महिनाभर तिनं ताईला पथ्याचं करून घातलं. आई परत आली ती डोळे पुसतच. म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगलं केलं गं बाईनं."

संध्याकाळी दोघी ओटीवर समोरासमोर बसून डाळिंब्या सोलायच्या. भिजवलेले, मोड आलेले वाल बोटांत दाबून सालातून काढायचे आणि गावभरचं बोलायचं. भावोजी म्हणायचे, माझं लग्न झालं तेव्हा आईला मैत्रीण मिळाली, मला बायको मिळाली का ते अजून बघतोय.

सासरे गेले आणि कंपनीकडून त्यांचे पैसे आले. ते मावशीच्या नावावर बँकेत ठेवायचं ठरलं. मावशी अंगठा लावणारी. अंगठा असेल तर कार्ड मिळत नाही असं कळलं, तेव्हा ताईनं तिला सही करायला शिकवलं. माझ्या लहान भाचीसाठी आणलेल्या पाटीवर, चुलीपाशी बसून. मावशी पेन्सिल अशी धरायची, जशी विळ्याची मूठ धरावी. अक्षरं वाकडीतिकडी यायची आणि मग दोघी हसायच्या. पण शेवटी सही जमली. कार्ड आलं, पिन ताईनं ठेवला, आणि तो दोघींनाच माहीत होता.

महिन्यातून एकदा दोघी खालापूरच्या बाजाराला जायच्या. ताई मशीनच्या खोलीत शिरायची, आणि मावशी देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा चपला दाराबाहेर काढून मागोमाग आत यायची. कधी बरोबर असलो की मी तिला सांगायचो, "मावशी, चपला कशाला काढता? सगळे तसेच येतात."

ती म्हणायची, "लक्ष्मी हाय रं आत."

पिन टाकताना दुसऱ्या हातानं बटणं झाकायची, हे मी ताईला सांगितलं होतं. ती झाकायचीही. पण पावसाळ्यात कडेवर पोर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कार्ड असलेल्या बाईनं तिसरा हात कुठून आणायचा?

लावणी उरकल्यावर एक दिवस थोरले दीर स्वतःच्या कामाला बँकेत गेले. जाताना मावशीनं त्यांच्याकडं पासबुक दिलं, छापून आण म्हणून. ते छापून आलं तेव्हा खात्यात जवळजवळ काही उरलेलं नव्हतं. पाठोपाठच्या दिवसांत पैसे निघालेले होते, सगळे कार्डानं, सगळे पनवेलच्या बाजूच्या मशीनांमधून. पैसे निघाले की फोनवर संदेश येतो, पण बँकेत नंबर सासऱ्यांचा दिलेला होता. तो फोन त्यांच्या फोटोमागं फळीवर पडून होता आणि सिम केव्हाच बंद झालेलं होतं.

बँकेत खिडकीतल्या माणसानं दिरांना विचारलं, "कार्ड हरवलंय का?"

"नाय. घरात हाय."

"कुणाकडं असतं?"

"धाकट्या भावाच्या बायकोकडं."

"पिन कुणाला माहीत आहे?"

"तिलाच."

"मग घरीच विचारा की," तो माणूस म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

त्या माणसाला मी पुढं भेटलो. तो वाईट नव्हता. रांग मोठी होती आणि त्याला जे ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं. कार्ड घरात, पिन बरोबर पडलेला, म्हणजे घरातलंच कुणीतरी. सरळ हिशेब होता. त्या एका वाक्यानं एक घर मोडेल हे त्याला कसं कळणार?

ताईचा फोन आला. आवाज घाबरलेला होता, पण रडका नव्हता. म्हणाली, "मशीननं काहीतरी घोळ केलाय रं. तू ये आणि यांना नीट सांग." मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिला वाटत होतं, मशीनचं काम करणारा भाऊ येईल, समजावून सांगेल आणि सगळं मिटेल. मलाही तेच वाटत होतं.

ओटीवर दीर, भावोजी आणि मावशी बसले होते. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी स्किमिंग म्हणजे काय ते सांगितलं. खोटं तोंड कसं असतं, कॅमेरा कुठं लपवतात, नकली कार्ड कसं बनतं, हातानं खुणा करून सगळं सांगितलं. माझं झाल्यावर दिरांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "तुला यातलं लई म्हायती हाय रं."

मी म्हणालो, "माझं कामच आहे ना ते, दादा."

"त्येच म्हणतोय मी. तुझं कामच हाय." मग माझ्याकडं न बघता मावशीला म्हणाले, "आये, कार्ड बहिणीच्या हातात, मशीन भावाच्या हातात. आजून काय पायजे?"

मी जितकं जास्त समजावून सांगत होतो, तितका जास्त गुन्हेगार दिसत होतो. मी न आलो असतो तर बहिणीच्या बाजूनं कोणी नाही असं झालं असतं, आणि आलो तर माझी नोकरीच तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. भावोजी जमिनीकडं बघत होते. ताई त्यांच्याकडं बघत होती. ते वर बघतील, काहीतरी म्हणतील, म्हणून वाट बघत होती. ते काही बोलले नाहीत.

तिथून मी थेट बाजारातल्या त्या मशीनकडं गेलो. ते आमच्या ठेकेदाराचं नव्हतं, मला ते उघडायची परवानगी नव्हती. पण बाहेरून हात लावायला कोण अडवतं? तोंडाच्या खालच्या कडेला बोट फिरवलं तर चिकट लागलं. डिंकाची बारीक रेघ, तिच्यावर धूळ बसून काळी झालेली. कुणीतरी काहीतरी चिकटवून काढून नेलं होतं. मी फोटो काढला आणि बँकेत गेलो. साहेबांनी फोटो बघितला. म्हणाले, "इथं लोक रोज जाहिरातीसुद्धा चिकटवतात." कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, तर तितक्या जुन्या दिवसांचं राहात नाही असं उत्तर मिळालं. आमची तक्रार त्यांनी लिहून घेतली. पोलिसांनीही लिहून घेतली. मला कोणी हाकललं नाही, पण मी सांगितलेलं कुणाच्या मनाला लागलंही नाही.

नंतरच्या आठवड्यात ताई भाचीला घेऊन भिसेगावला आली. दुपारची वेळ होती. आईनं पाणी दिलं. आमच्या आईची एक रीत होती. लेक आली तर का आलीस असं विचारायचं नाही. ताई पाणी प्यायली, भाची अंगणात खेळायला गेली, आणि मग ती आपणहून बोलली.

"मोठे दीर आठ दिवस टोचून बोलत होते. ते मी ऐकून घेतलं. हे गप्प होते, तेपण घेतलं," ती म्हणाली. "काल मी भाकरी थापत होते. तिकडच्या आई आत आल्या, दार लोटलं आणि माझ्याजवळ बसल्या. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, 'बाय, घेतलेस का गं? घेतले असशील तं सांग. मी कुणाला नाय सांगणार. माझ्यासोबत जाईल ते.'"

आई म्हणाली, "म्हातारी माणसं. घाबरली असेल."

"आई, त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तरी चाललं असतं मला," ताई म्हणाली. "त्यांनी माया करून विचारलं गं. म्हणजे त्यांना खरं वाटलं होतं. त्यांनी मनातल्या मनात मला चोर ठरवून माफ पण करून टाकलं होतं."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

ताई उठून अंगणात गेली. भाचीच्या पायाला चिखल लागला होता, तो धुवायला लागली.

ती गणपतीच्या आधी आली होती. त्या वर्षी सासरी गौरी तिच्या हातून उभ्या राहिल्या नाहीत. सणाच्या दिवशी ताई आमच्याकडं सकाळपासून भांडी घासत होती, आईनं घासलेलीच पुन्हा घासत होती. भाचीला भिसेगावच्या बालवाडीत घातलं. भावोजी सुट्टीच्या दिवशी यायचे. पोरीसाठी खाऊ आणायचे, अंगणात खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे. ताई चहा आणून द्यायची. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' एवढं त्यांनी एकदा म्हणावं म्हणून मी कितीतरी वेळा मुद्दाम उठून बाहेर गेलो. ते म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांचा विश्वास होता, पण आई आणि भाऊ यांच्यासमोर जे बोलायला हवं होतं ते तेव्हा राहून गेलं, आणि मग नुसतं बायकोसमोर बोलायची त्यांना लाज वाटत असावी.

मी मात्र मशीनांच्या मागं लागलो. माझ्या वाट्याच्या प्रत्येक मशीनशेजारी त्याच्या खऱ्या तोंडाचा मोठा फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, 'तोंड असंच दिसतंय का, बघून मग कार्ड घाला.' ठेकेदाराला सांगून सांगून काही मशीनांना गोलसर, पारदर्शक तोंडं बसवून घेतली. त्यांच्यावर वरून दुसरं काही नीट बसत नाही, आणि बसवलंच तर आरपार दिसतं. बटणांवर उंच कडेची झाकणं बसवली. पैसे काढायला आलेल्या बायकांना मी उभा राहून सांगायचो, हात झाका, हात झाका. काहीजणी माझ्याकडं संशयानं बघायच्या आणि पाठ फिरवून पिन टाकायच्या. मला बरं वाटायचं.

थंडी पडली. कर्जत तालुक्यातल्या कळंबला त्या दिवसांत शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते. रिसॉर्टवर आलेली माणसं मशीनवर रांग लावतात. एका सोमवारी सकाळी मी तिथल्या मशीनचा पडदा दुरुस्त करायला गेलो. सवयीनं तोंड धरलं, हलवलं, आणि ते माझ्या हातात आलं.

इतकी वर्षं मी तोंडं हलवत होतो. कधी काही निघालं नव्हतं. आता तळहातावर तो प्लॅस्टिकचा तुकडा होता, रंग तोच, चकाकी तीच, आतल्या बाजूला नखाएवढी पट्टी आणि बारीक तारा. शेजारी मी लावलेला फोटो कुणीतरी नीट सोलून काढून टाकला होता. मी दार ओढून घेतलं, ऑफिसला आणि पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत खाली फरशीवर बसून राहिलो. आनंद वगैरे काही झाला नाही. एवढ्याशा वस्तूनं ताईच्या घरात काय केलं, तेच डोळ्यांपुढं येत होतं.

ते लावणारे ते काढून न्यायला येतात, हे पोलिसांना ठाऊक होतं. ते खोटं तोंड परत जागेवर लावून, मशीन चालू ठेवून पोलीस दबा धरून बसले आणि माणसं सापडली. पर्यटक म्हणून खोली घेऊन राहिलेले होते. त्यांनी सांगितलेल्या ठिकाणांत खालापूरच्या बाजारातलं मशीनही निघालं. मग बऱ्याच जणांचे पैसे गेल्याचं बाहेर आलं. एक मास्तर होते, एक कोंबड्यांची गाडी चालवणारा होता, डोंगरातल्या वाडीवरची एक बाई होती, जिच्या नवऱ्यानं तिला त्या पैशांवरून मारलं होतं. त्या बाईकडं मी पुढं चौकशी करायला गेलो, तर ती वीटभट्टीवर निघून गेली होती. तिला हे कळलं की नाही, कोण जाणे.

बँकेनं मावशीचे पैसे परत खात्यात जमा केले. थोडे दिवस लागले, पण केले.

मग एका सकाळी भावोजी, दीर आणि मावशी टेंपो करून भिसेगावला आले. मावशीनं पिशवीतून साडी आणि नारळ काढला. दीर माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "चुकलं रं माझं." मोठा माणूस, त्याची मान खाली. मी म्हणालो, "बसा, दादा." दुसरं काय म्हणणार?

मावशी आईच्या शेजारी बसली. ताई चहा घेऊन आली तशी तिनं ताईचं मनगट धरलं. "चल बाय. घर खायला उठतंय."

ताईनं हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, "पोरीची शाळा सुटू द्या. मग निघू."

ती गेली. आईला बरं वाटलं. शेजारीपाजारी म्हणाले, देव पावला. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण महिन्याभरानं मी तिच्याकडं गेलो तेव्हा ओटीवर मावशी एकटीच डाळिंब्या सोलत होती. ताई आत स्वयंपाक करत होती. दोघी एकमेकींशी चांगलं बोलत होत्या. 'आई, जेवायला वाढू?' 'वाढ बाय.' 'आई, गोळी घेतली?' 'घेतली गं.' भांडण नाही, रुसवा नाही. पाहुण्याशी वागावं तशी ताई सासूशी वागत होती.

कार्ड ताईनं हातात घेतलं नाही. बँकेनं नवं कार्ड दिलं होतं, चिपचं, त्याची नक्कल करणं सोपं नसतं. मी स्वतः तिला समजावलं. म्हणाली, "मशीनची भीती नाय रं मला. आता माझा हातच तिकडं जात नाय." मावशीनं ते कार्ड बँकेला परत केलं. महिन्यातून एकदा ती सहा आसनी रिक्षानं बँकेत जायची, रांगेत बसायची आणि सही करून पैसे आणायची. मला कधीतरी बाजारात दिसायची. एकदा मी तिला मोटारसायकलवरून घरी सोडलं. उतरताना म्हणाली, "पोरीनं मला सही शिकवली म्हणून चाललंय बघ." आणि मग, पिशवी सावरत, "मी इचारायला नको होतं रं. पण मला वाटलं, तिला गरज पडली आसंल, लाजंनं बोलली नसंल. मी आपली तिला वाट मोकळी करून द्यायला गेले."

मी ते ताईला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "माहीत आहे मला."

वर्षं गेली. भाची कर्जतला कॉलेजात जायला लागली. आमची आई गेली. मावशीला एका सकाळी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून शेवटपर्यंत ताईनं तिचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भात कालवून भरवणं. दीर एकदा मला म्हणाले, "पोटच्या पोरीनं नसतं केलं." खरं होतं. पण त्या करण्यात जे होतं ते कर्तव्य होतं की माया, हे मला ओळखता यायचं नाही. ताईलाही येत नसावं.

एक दिवस दुपारी मी तिथं होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. मावशी खाटेवर, ताई तिच्या केसांना तेल लावत होती. केस अगदी विरळ झाले होते. मी ओटीवर होतो, दार उघडं होतं. तेल लावता लावता ताईचा हात थांबला. ती वाकून मावशीच्या कानाशी म्हणाली, "आई, मी नव्हते घेतले."

मावशीनं डोळे तिच्याकडं वळवले.

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी काहीच बोलले नाय. भाकरी तव्यावर टाकली आणि गप्प बसले. मला राग आला होता. नाय एवढंच म्हणायचं होतं. ते पण म्हटलं नाय. आता म्हणते. मी नव्हते घेतले, आई."

मावशीच्या घशातून काहीतरी आवाज आला. डावा हात गोधडीवरून थोडा उचलला गेला आणि परत पडला. तिला काय म्हणायचं होतं, की नुसता हात हलला, ते आम्हाला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते झटक्यानंतर तसंही येतच असायचं. ताईनं पदरानं ते पुसलं आणि पुन्हा तेल लावायला घेतलं.

भाताला लोंब्या धरल्या होत्या तेव्हा मावशी गेली. दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले. दोनेक आठवड्यांनी कामाच्या वाटेवर मी ताईकडं डोकावलो. ती चुलीशी होती. भावोजी कंपनीत पाळीला गेलेले, भाची कॉलेजात. मला म्हणाली, "जेवून जा." ताट वाढलं. पहिला घास घेतला आणि मी पाणी मागितलं.

"खारट झालीय ना आमटी?" ती म्हणाली.

"थोडी."

"रोजच होते." तिनं माझ्या ताटातली वाटी उचलली, त्यातली निम्मी दुसऱ्या वाटीत ओतली आणि वर गरम पाणी घातलं. "इतकी वर्षं आई चाखून सांगायच्या. झटका आला तरी चमच्यानं दिलं की गिळायच्या नाय तर तोंड फिरवायच्या, हो किंवा नाय. मला स्वतःला मिठाचा अंदाजच राहिला नाय रं."

वाटी तिनं पुन्हा माझ्यापुढं ठेवली, आणि मी जेवेपर्यंत चुलीपाशीच पाठमोरी बसून राहिली.